पोथ्या तरल्या नसत्या तर?

आषाढीच्या आगेमागे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, कीर्तन किंवा व्याख्यान आटोपले की एक वाद हमखास रंगतो, आणि यंदा तो नेहमीपेक्षा जास्त तापला. विषय जुनाच आहे. संकट कोसळते, छळ होतो, तेव्हा देवावरची निष्ठा टिकवावी की नाही, आणि टिकवली तर तिचा उपयोग काय? एक पक्ष म्हणतो की निष्ठा अढळ असेल तर देव पाठीशी उभा राहतोच, तेव्हा ज्याचे वाईट झाले त्याची भक्तीच कुठेतरी उणी पडली असणार. दुसरा म्हणतो की देवाने आजवर कोणालाही वाचवलेले नाही आणि निष्ठा म्हणजे दुबळ्याने स्वतःची घातलेली समजूत. तिसरा पक्ष अलीकडे सर्वांत मोठ्याने बोलतो: पूर्वजांनी धर्मासाठी छळ सोसला, त्याची परतफेड आज करणे हीच खरी निष्ठा. तिघे एकमेकांशी कडाकडा भांडतात खरे, पण तिघेही एकाच दुकानाची खतावणी उघडून बसले आहेत. पहिल्याला जमेची बाजू भरलेली दिसते, दुसऱ्याला ती कोरी दिसते आणि तिसऱ्याला जुनी उधारी वसूल करायची आहे.

हा वाद या पद्धतीने घालणेच चूक आहे, असे माझे मत आहे. छळाच्या काळातल्या निष्ठेची किंमत तिच्या बदल्यात काय पदरात पडले यावरून ठरत नाही. दडपणाखाली माणसाने काय करायला नकार दिला यावरून ती ठरते. आपले अंतःकरण सत्तेच्या स्वाधीन करायचे नाकारले का, जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला पुढे ढकलायचे नाकारले का, आणि स्वतः सोसलेले दुसऱ्यावर लादायचे नाकारले का, हे प्रश्न विचारल्यावाचून निष्ठेबद्दल बोलता येत नाही.

तुकोबांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओठांवर असते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. १६३० च्या सुमारास दख्खनेत जो भीषण दुष्काळ पडला त्यात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे, ज्याला वेदाचा अधिकार नाही त्याने वेदार्थ बोलू नये, असा आक्षेप घेऊन त्यांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावले. ते तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्यावाचून पडून राहिले आणि मग वह्या कोरड्याच्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. कीर्तनात हा प्रसंग आला की श्रोत्यांचे कान त्या अखेरच्या क्षणाकडे लागलेले असतात. वह्या वर आल्या की टाळ्या, गजर आणि आरती. पण पोथ्या तरल्या नसत्या तर? तुकोबांची भक्ती फुकट गेली, असे आपण म्हटले असते का? तेराव्या दिवशी सकाळी पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते. वह्या तरणारच आहेत हे माहीत असलेल्या माणसाने तेरा दिवस उपास केला असता तर तो एक सौदा झाला असता, आणि सौद्याला कोणी संतत्व म्हणत नाही. त्यांची निष्ठा त्या तेरा दिवसांत होती. पुढे जे घडले ती देवाची करणी म्हणा, लोकांच्या कंठात अभंग जिवंत राहिल्याची गोष्ट म्हणा. तुकोबांना मोठे ठरवण्यासाठी तिची गरज नाही.

सुटकेच्या कथांमध्ये काही अर्थच नाही, असे मला सुचवायचे नाही. काळोखात बसलेल्या माणसाला पहाट होते एवढे ऐकण्याचीही गरज असते, आणि प्रल्हाद, दामाजी, जनाबाई यांच्या कथांनी शेकडो वर्षे लाखो लोकांना आत्महत्येपासून, वेडापासून आणि निराशेपासून राखले आहे. हे बळ मी नाकारत नाही. माझा आक्षेप त्या कथांचा नियम बनवण्याला आहे. नियम बनला की त्याचा व्यत्यासही आपोआप लागू होतो: ज्याला देवाने वाचवले नाही त्याची भक्ती खोटी. हे वाक्य उघडपणे कोणी बोलत नाही, पण दुःखी माणसाला ते बरोबर ऐकू जाते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्या ओळखीच्या एका बाईंना ते जवळजवळ याच शब्दांत ऐकावे लागले. कर्ता मुलगा गेल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातली विठ्ठलाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आरती बंद केली. नैवेद्य मात्र चुकवला नाही. रोज दुपारी वाटीत वरणभात, त्यावर तूप, तुळशीचे पान, वाटी तसबिरीच्या पाठीमागे ठेवायची आणि म्हणायचे, "जेव, पण माझ्याशी बोलू नकोस." येणारे-जाणारे त्यांना समजावत की असा देवाचा अपमान करू नये, पूर्वजन्मीचे काही असेल, श्रद्धा कमी पडू देऊ नका. त्या सगळ्या समजावणाऱ्यांपेक्षा त्या बाईच देवाच्या अधिक जवळ होत्या, याबद्दल मला शंका नाही. जो नाही त्याच्यावर कोणी रुसत नाही, आणि ज्याच्याशी नाते उरले नाही त्याला कोणी जेवू घालत नाही.

आपल्या संतपरंपरेने हा रुसवा कधीच त्याज्य मानलेला नाही. विठोबाशी भांडणे, त्याला निष्ठुर म्हणणे, त्याच्या दारात धरणे धरणे हे सर्व अभंगवाणीत जागोजाग आहे. गप्प बसून सगळे गोड मानणे म्हणजे निष्ठा, ही कल्पना आपल्यात कुठून शिरली कोण जाणे. पण ती वारकऱ्यांची नव्हे. देवाशी भांडणारा भक्त देवाला जबाबदार धरतो, म्हणजेच त्याला खरा मानतो. ज्यांनी हिशोब मांडून देव सोडला आणि ज्यांनी हिशोब मांडून देव धरला, त्या दोघांपेक्षा हा भांडणारा वेगळ्याच जागी उभा असतो.

आता एक कठीण मुद्दा. निष्ठेची किंमत निष्ठावंत एकटा मोजत नाही. त्याच्या घरचे मोजतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. नामदेवांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांतल्या एका पदात हाच प्रसंग आहे. सुलतान नामदेवांना बांधून आणतो आणि म्हणतो, मेलेली गाय उठवून दाखव, नाहीतर मान कापतो. त्यांच्यावर हत्ती घातला जातो. आई रडत येते आणि विनवते की रामाचे नाव सोडून खुदाचे नाव घे आणि जीव वाचव. नामदेव उत्तर देतात की मी तुझा मुलगा नाही आणि तू माझी आई नाहीस. पदाच्या शेवटी गाय उठते, दूध देते, सुलतान नमतो, आणि सांगणारे त्या शेवटावरच रेंगाळतात. मला मात्र ती आई सोडवत नाही. तिची विनवणी क्षुद्र आहे का? नावात काय ठेवले आहे, ईश्वर एकच, जीव वाचव, हा युक्तिवाद तर आज कितीतरी सुशिक्षित लोक करतात, आणि तो मूर्खपणाचा नाही. तीच गोष्ट तुकोबांच्या आवलीची. घरात दाणा नसताना भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्या त्या बाईला आपल्या कीर्तनकारांनी कजाग ठरवून शतकानुशतके हशा मिळवला आहे, आणि हा अन्याय आता थांबवायला हवा. देवाच्या भक्ताला आपल्या हातची भाकरी पोचवणे ही निष्ठाच होती, जरी ती शिव्या देत पोचवलेली असली तरी.

या आक्षेपाचे पूर्ण निरसन माझ्याजवळ नाही, आणि कोणाजवळ असेल असे वाटत नाही. एवढेच म्हणता येते की नामदेवांच्या आईचा युक्तिवाद आईच्या तोंडी शोभतो, सुलतानाच्या तोंडी नाही. दोन नावांत फरक नाही, असे जर सुलतानाला खरोखर वाटत असते तर त्याने हत्ती मागवलाच नसता. ज्या क्षणी एखादे नाव घ्यायला तलवार भाग पाडते त्या क्षणी प्रश्न नावाचा राहत नाही. माणसाच्या मनात काय असावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो, आणि तिथे नकार देणारा माणूस स्वतःपुरता बोलत असला तरी त्याचा नकार पुढच्या सर्वांच्या कामी येतो.

हे समजून घ्यायला ग्वाल्हेरकरांना लांब जावे लागत नाही. आपला किल्ला मोगलांच्या काळात राजकैद्यांचा तुरुंग होता. औरंगजेबाचा भाऊ मुराद इथेच कैदेत राहिला आणि १६६१ मध्ये इथेच मारला गेला. त्याच्या कितीतरी आधी, जहांगीराच्या आज्ञेने, शिखांचे सहावे गुरू हरगोविंद इथे बंदिवासात होते. त्यांचे वडील गुरू अर्जनदेव १६०६ मध्ये लाहोरला हाल होऊन गेले होते. मुलाचे वय तेव्हा अवघे अकरा वर्षांचे. शीख परंपरा सांगते की गुरूंची सुटका करण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी एकट्याने बाहेर पडायला नकार दिला. किल्ल्यात आणखी बावन्न राजे कैदेत होते. तेही सुटतील तर मी सुटेन. जेवढे जण गुरूंचे वस्त्र धरून बाहेर पडू शकतील तेवढे सुटतील, असे सांगण्यात आले, तेव्हा बावन्न पदरांचा झगा शिवला गेला आणि सगळे सुटले. किल्ल्यावर आज ज्याला आपण दाता बंदी छोड म्हणतो त्या गुरुद्वाराचे नाव यावरूनच आले आहे. लंगरात बसलेली आपल्यापैकी कितीतरी मराठी माणसे ही कथा ऐकतात आणि परत येताना देवाने गुरूंना कसे सोडवले हेच सांगतात. कथेत तर नेमके उलटे आहे. सुटकेचा हुकूम हातात असताना, देवाचा प्रसाद म्हणून तो स्वीकारण्याची सोय असताना, गुरूंनी तो पुरेसा मानला नाही. खतावणीच्या हिशोबाने हा शुद्ध तोटा होता.

तिसऱ्या पक्षाने या गोष्टीवर थांबून विचार करावा. त्या बावन्नांत कोण कोणत्या पंथाचे होते, कोणाचे आचार गुरूंना मान्य होते, याची चौकशी कथेत नाही. पुढे १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात गुरू तेगबहादूर यांनी मस्तक दिले, ते काश्मिरी पंडितांच्या जानव्या-टिळ्याच्या हक्कासाठी, अशी शिखांची श्रद्धा आहे. गुरू नानकांनी तर लहानपणीच जानवे घालायला नकार दिला होता. जे आपण स्वतः पाळत नाही ते पाळण्याचा दुसऱ्याचा हक्क राखण्यासाठी प्राण देणे, यापेक्षा निष्ठेचा वरचा दर्जा मला सांगता येत नाही. आणि मग विचारावेसे वाटते की ज्यांना पूर्वजांच्या छळाची आठवण शेजाऱ्याला धाक दाखवण्यासाठी लागते, ते नक्की कोणाचा वारसा चालवत आहेत? ज्याने सोसले त्याचा, की ज्याने सोसायला लावले त्याचा?

त्यांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. झालेल्या छळावर सारवासारव करू नये. किल्ल्याच्या उतारावरच्या उरवाईच्या खोऱ्यात ग्वाल्हेरच्या तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात, कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. सर्वांत मोठी सत्तावन्न फुटांच्या आसपास आहे. १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला, त्याने त्या नग्न मूर्ती पाहिल्या आणि त्या फोडण्याचा हुकूम दिला, हे त्याने स्वतःच आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. त्यावर पांघरूण घालायचे काहीच कारण नाही. पण त्या मूर्तींपाशी जाऊन नीट पाहावे. कित्येकींच्या धडाचा दगड डोंगराच्या रंगाचा आहे आणि चेहरा मात्र वेगळ्या पोताचा, गुळगुळीत, चुन्याच्या गिलाव्याचा. मानेपाशी सांधा स्पष्ट दिसतो. फोडलेली मस्तके जैन समाजाने नंतर घडवून बसवली. घडवणाऱ्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. त्यांनी सांधा लपवायचा खटाटोप केला नाही, म्हणून फोडल्याची खूणही राहिली आणि पूजाही राहिली. आठवण ठेवणे आणि वैर चालवणे यांत जे अंतर आहे ते तिथे हाताने चाचपता येते. त्याच गावात तानसेनाच्या समाधीपाशी समारोहाच्या सकाळी ढोलीबुवांच्या कीर्तनपरंपरेची हरिकथा होते आणि पैगंबरांच्या स्तुतीचा मिलादही होतो, आणि त्यामुळे आपल्या कीर्तनाचे काही उणे झाल्याचे अजून कोणाला आढळलेले नाही.

दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे बुद्धिवादी मित्रांकडे, मी अधिक आदराने वळतो, कारण त्यांचे आक्षेप अधिक खोल आहेत. ते म्हणतात की छळ सोसल्याने कोणाचे मत खरे ठरत नाही. परस्परविरोधी श्रद्धांसाठी लोक मेले आहेत. ते सगळेच खरे कसे असतील? शिवाय निष्ठेच्या नावाखाली माणसे मारतातही आणि मारताना मरतातही. हे मला शंभर टक्के मान्य आहे. कोणाच्या बलिदानावरून त्याच्या तत्त्वज्ञानाचा खरेखोटेपणा ठरवू नये. परंतु छळ सोसणाऱ्याने सिद्धांत सिद्ध केला असा माझा दावाच नाही. माणसाच्या आत असे एक ठिकाण आहे जिथे राजाचा हुकूम पोचत नाही, एवढेच तो सिद्ध करतो. एवढेच सिद्ध होणे फार मोठे आहे, आणि ते सिद्ध करणाऱ्यांमध्ये वेगवेगळ्या श्रद्धांची माणसे असणे हा त्याचा कमीपणा नसून त्याचे बळ आहे. दुसऱ्याला मारताना मरणारा मात्र या पंक्तीत बसूच शकत नाही, कारण तो स्वतःसाठी जे आतले ठिकाण मागतो तेच समोरच्याला नाकारतो.

त्यांचा दुसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि मराठी माणसाने तो टाळला तर त्याला या विषयावर बोलण्याचा अधिकार उरत नाही. चोखामेळ्याचा छळ परक्या सुलतानाने केला नाही. विठोबाच्याच दारात, विठोबाच्याच बडव्यांनी त्याला मारले. देवाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात कसा आला, असे विचारत मारले, आणि ते त्याने अभंगात सांगून ठेवले आहे. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर असताना गावकुसाची भिंत कोसळून तो गेला. त्याची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे; म्हणजे मेल्यावरही तो दाराबाहेरच राहिला. आणि पुढे? पंढरपूरचे ते दार सर्वांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठीही साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे निष्ठा ठेवून या समाजाला काय मिळाले, असे कोणी विचारले तर कोणत्या तोंडाने उत्तर द्यायचे? त्याच घरात चोखोबाचा मुलगा कर्ममेळा होता, आणि त्याने तर देवालाच सरळ विचारले की आमची याती हीन का केलीस, तुला हे कळत कसे नाही. बापाच्या अभंगांतली माया मुलाच्या अभंगात फारशी शिल्लक नाही.

आपल्याच प्रदेशात, महूला, १८९१ मध्ये जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचे आपले उत्तर दिले. २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह झाला, तो वर्षानुवर्षे चालला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते खरे केले. पहिल्या पक्षातले काही लोक याला निष्ठेचा अभाव समजतात. मला तसे अजिबात वाटत नाही. चोखोबाची निष्ठा विठोबावर होती, बडव्यांवर नव्हती; देवावरची निष्ठा आणि देवाच्या नावाने दार अडवणाऱ्यांवरची निष्ठा एकच आहे, असा समज करून देण्यात ज्यांचा फायदा होता त्यांनीच तो पसरवला. बाबासाहेबांनी आमिषापोटी काही सोडले नाही, भीतीपोटी काही स्वीकारले नाही. एकवीस वर्षे विचार करून, जाहीरपणे, लाखो लोकांसमोर, स्वतःच्या विवेकाला जे पटले ते केले. आणि अस्पृश्यतेच्या उगमावर त्यांनी १९४८ मध्ये जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला तो कोणाला अर्पण केला? नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना. देवळाचे दार सोडून निघालेल्या माणसाने दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला केलेला हा नमस्कार आपल्या चर्चांत का येत नाही? त्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांनी ती अर्पणपत्रिका डोळ्यांखालून घालावी.

यातून मला एक कसोटी हाती लागते. निष्ठेचा आग्रह ज्याने त्याने स्वतःपुरता धरावा. ज्याच्या पाठीवर कोरडा पडत नाही त्याने दुसऱ्याला 'तू टिकून राहा' असे सांगू नये, आणि कोरडा ज्याच्या हातात आहे त्याने तर मुळीच सांगू नये. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले आहे. त्यात देवाला धरून राहण्याचे स्वातंत्र्य आहे तसे सोडून जाण्याचेही आहे, आणि दुसरे नसेल तर पहिल्याला काही मोल राहत नाही. जिथून बाहेर पडताच येत नाही तिथे राहण्याला निष्ठा कशी म्हणायची?

उरतो तो त्यांचा प्रश्न, जे छळापुढे वाकले. कारण संत आणि गुरू थोडे. बाकीची माणसे आपल्यासारखी. शिंद्यांच्या पदरी बक्षी, म्हणजे फौजेचे प्रमुख, झालेले जिवबादादा गोमंतकातले. त्यांच्यासारख्या अनेक सारस्वत घराण्यांचे कुलदैवत मंगेश किंवा शांतादुर्गा. १५६० च्या दशकात पोर्तुगिजांच्या भीतीने भक्तांनी हे देव उचलले आणि झुआरी नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, नेले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. अंत्रूज तेव्हा आदिलशाहीत होते, म्हणजे देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. देव घेऊन रातोरात पळणे ही निष्ठा की भ्याडपणा? आणि ज्यांना पळता आले नाही, जमीन, म्हातारे आईबाप, तान्ही मुले यांच्यासाठी जे मागे राहिले आणि बाटले, त्यांचे काय? मागे राहिलेल्यांना कमी लेखणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि ते करणाऱ्यांपैकी कोणावरही तशी निवड करण्याची वेळ आलेली नव्हती.

या प्रश्नावर मला सर्वांत जास्त शिकवले ते जपानच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी. १६१४ मध्ये तिथे त्यांच्या धर्मावर सरसकट बंदी आली. पुढे नागासाकीच्या परिसरात लोकांना दरवर्षी अधिकाऱ्यांसमोर उभे करीत, येशूची किंवा मेरीची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि तिच्यावर पाय ठेवायला लावीत. पाय न ठेवणाऱ्याचे हाल होत. कित्येकांनी नकार दिला आणि ते मेले. पण उराकामी गावातल्या बहुतेकांनी पाय ठेवला, घरी आले, आणि पश्चात्तापाची जी प्रार्थना त्यांनी तोंडपाठ करून ठेवली होती ती म्हटली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. धर्मगुरू नाही, मंदिर नाही, ग्रंथ जवळ ठेवायची सोय नाही, अशा स्थितीत सात पिढ्या त्यांनी मुलांना बाप्तिस्मा दिला आणि सणवार मोजले. १८६५ मध्ये नागासाकीत परदेशीयांसाठी नवे चर्च उभे राहिले तेव्हा त्यांतले काही जण तिथल्या फ्रेंच पाद्रीकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले की आमचेही मन तुमच्यासारखेच आहे. पण बंदी अजून उठली नव्हती. काही वर्षांतच उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरादारातून उठवून देशभर हद्दपार केले गेले आणि त्यांतले शेकडो मेले. या वेळी, ज्यांचे वाडवडील वर्षानुवर्षे प्रतिमेवर पाय ठेवत आले होते, त्यांतल्या पुष्कळांनी नाव सोडायला साफ नकार दिला.

त्यांच्या वाडवडिलांना आता अनिष्ठ म्हणायचे का? नकार देऊन मेलेल्यांचे मोल मी कणभरही कमी करत नाही. पण जे वाकले आणि वाकल्याचे दुःख रोज जिवंत ठेवत राहिले, त्यांच्यावाचून १८६५ मध्ये चर्चच्या दाराशी यायला कोणी उरलेच नसते. वाकलेल्या माणसाचे मोजमाप करण्याचा अधिकार वाकवणाऱ्याला नाही, आणि दोनशे वर्षांनी सुखात बसून इतिहास वाचणाऱ्यालाही नाही.

१८७३ मध्ये बंदी उठली आणि हद्दपार झालेले गावी परतले. परतल्यावर त्यांनी गावच्या मुखियाची ती जागा विकत घेतली जिथे पिढ्यान्‌पिढ्या त्यांना प्रतिमेवर पाय ठेवायला लावले जात होते, आणि तिथे आपले चर्च बांधले. विटा जमवता जमवता बांधकामाला कित्येक वर्षे लागली. पहिल्या पक्षाची कथा इथे सुखरूप संपली असती. पण ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला तो त्या चर्चपासून पाचेकशे मीटरवर, आणि उराकामीचे हजारो ख्रिस्ती त्यांत गेले. मग दुसऱ्या पक्षाने आपला निष्कर्ष काढायला हरकत नव्हती. उरलेली माणसे त्या नोव्हेंबरात ढिगाऱ्यापाशी जमली, त्यांनी मृतांसाठी प्रार्थना केली, आणि १९५९ मध्ये त्याच जागी चर्च पुन्हा उभे केले.